चहाने अभ्यासात लक्ष लागते का? दिवसाच्या सात चहांचा हिशेब

प्रश्न विचारणारी मुलगी २४ वर्षांची आहे. ती मूळची उमरेडची, नागपूरच्या नंदनवन वस्तीत खोली घेऊन राहते आणि महाल भागातल्या एका अभ्यासिकेत बसून लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेची तयारी करते. तिने आपल्या दिवसभराच्या चहांचा पाढाच लिहून पाठवला आहे. सकाळी सहाला उठल्याबरोबर एक, आठला तर्री पोह्यांसोबत दुसरा, अकराला तिसरा, दुपारचा डबा संपल्यासंपल्या चौथा आणि संध्याकाळी पाचला पाचवा, असे पाच चहा टपरीवरच्या छोट्या कपातले. त्यानंतर रात्री साडेनऊला आणि बाराला खोलीवर स्वतः केलेले, पत्ती थोडी जास्त घालून चांगले उकळलेले, मोठा मग भरून दोन. झोप रात्री दीडला आणि उठणे पुन्हा सकाळी सहाला. चहाने खरोखर लक्ष लागते की तो मनाचा खेळ आहे, दुधाच्या चहाऐवजी ग्रीन टी घेतल्यास अधिक फायदा होईल का, आणि ‘चहाने रक्त आटते’ असे आई म्हणते त्यात काही तथ्य आहे का, असे तिचे तीन प्रश्न आहेत. मी गेली २६ वर्षे नागपुरात फिजिशियन म्हणून रुग्ण तपासतो आहे, स्पर्धा परीक्षांचे आणि नीटचे विद्यार्थी त्यांत नेहमीच असतात, आणि मी स्वतः चहाबाज आहे हेही आधीच कबूल करून ठेवतो, म्हणजे पुढचे लिहिणे चहाच्या वैऱ्याचे आहे असे कोणाला वाटायला नको.

सरळ उत्तर आधी देतो. चहाने लक्ष टिकून राहण्याची क्षमता वाढते हे खरे आहे आणि प्रयोगांतून ते दिसलेले आहे. मात्र ही वाढ लहान असते, एक-दोन तास टिकते, टपरीवरच्या एका छोट्या कपातून ती पूर्ण मिळत नाही, आणि ज्याची झोपच साडेचार तासांची आहे त्याच्या बाबतीत चहा लक्ष वाढवत नसून, झोपेअभावी गमावलेले लक्ष थोडेफार परत आणून देतो. समज, तर्कशक्ती किंवा स्मरणशक्ती चहाने वाढते असे म्हणायला पुरेसा आधार नाही. तुमच्या सात चहांपैकी तिघांबद्दल मला काहीच म्हणायचे नाही, दोघांची वेळ चुकते आहे, आणि रात्रीचे दोन मात्र तुमच्या अभ्यासाच्या मुळावर आले आहेत.

चहात मुख्यतः काम करते ते कॅफिन. १८२७ मध्ये चहातून हे द्रव्य वेगळे काढले गेले तेव्हा ते कॉफीतल्या द्रव्याहून निराळे आहे असे समजून त्याला ‘थीन’ हे स्वतंत्र नाव देण्यात आले होते, आणि दोन्ही एकच आहेत हे १८३८ मध्ये लक्षात आले. ‘कॉफी गरम पडते म्हणून मी चहा घेतो’ असे सांगणारे रुग्ण मला आजही भेटतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले. आपण जागे असताना मेंदूत अडिनोसिन नावाचे द्रव्य हळूहळू साचत जाते आणि ते पेशींवरच्या ठरावीक ग्राहींवर, म्हणजे त्याच्यासाठीच असलेल्या जागांवर, बसले की मेंदूचे काम संथ होऊन झोपेची भावना येते. कॅफिनची घडण अडिनोसिनशी इतकी मिळतीजुळती असते की ते त्याच ग्राहींवर जाऊन बसते, परंतु बसून स्वतः काहीच करत नाही. मे महिन्यात गणेशपेठच्या बसस्थानकावर एसटी लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, त्यातलाच हा प्रकार आहे. रुमालाने जागा अडते, प्रवासी ताटकळत उभे राहतात, पण गर्दीतला एकही माणूस त्यामुळे कमी झालेला नसतो, उलट दर थांब्यावर नवे चढतच असतात. रुमाल उचलला गेला की उभे असलेले सगळे एकदम बसून घेतात. चहा उतरल्यावर डोळ्यांवर जी झापड येते ती ही. चहाने थकवा नाहीसा होत नाही, फक्त तो मेंदूला कळेनासा होतो, आणि हा फरक तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे.

आता मात्रेकडे येऊ, कारण ‘चहा’ या एका शब्दात आपल्याकडे फार वेगवेगळ्या गोष्टी मोडतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन धरले आहे आणि दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे. टपरीवरचा कप जेमतेम ७० मिलिलिटरचा असतो आणि त्यात दूधही भरपूर असते, म्हणजे एका कपातून तुम्हाला साधारण १५ ते ३० मिलिग्रॅम मिळते. खोलीवरचा मग २०० मिलिलिटरचा धरला, त्यात पत्ती जास्त आणि उकळीही जास्त, तर तो एकटाच ७० मिलिग्रॅमच्या आसपास जातो. आपण वापरतो ती दाणेदार सीटीसी पत्ती चुरडून, फाडून, गोळीसारखी वळवलेली असल्यामुळे पाण्यात तिचा अर्क झपाट्याने उतरतो, आणि आधणात ती पाच-सात मिनिटे खदखदली की बहुतेक सगळे कॅफिन पातेल्यात आलेले असते. दुधाने ते कमी होत नाही. सारी बेरीज केली तर तुमचे दिवसाचे कॅफिन २०० ते ३०० मिलिग्रॅम होते, म्हणजे मर्यादेच्या आत किंवा तिच्या काठावर, आणि त्यातले निम्मे रात्रीच्या दोन मगांतून येते.

ही बेरीज डोळ्यांसमोर ठेवूनच पुढची गोष्ट वाचावी. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरण पदार्थांबद्दलचे आरोग्यविषयक दावे तपासते आणि त्यातले पुष्कळसे फेटाळून लावते. काळ्या चहाने लक्ष सुधारते हा दावा मात्र त्याने २०१८ मध्ये मान्य केला, तोही दोन अटींवर: हा परिणाम चहातल्या कॅफिनमुळेच आहे असे धरावे, आणि तो मिळण्यासाठी दोन-तीन कप चहातून एकूण किमान ७५ मिलिग्रॅम कॅफिन पोटात जायला हवे. म्हणजे अकरा वाजता अभ्यासिकेतून खाली उतरून तुम्ही जो छोटा कप घेता, तो या मात्रेच्या निम्म्यापर्यंतही पोहोचत नाही. तरीही तो घेतल्यावर तुम्हाला ताजेतवाने वाटते, आणि तुमचे ते वाटणे खोटे आहे असे मी म्हणणार नाही. ते येते कुठून, हे पाहावे लागेल.

त्यातला मोठा वाटा, माझ्या अनुभवाप्रमाणे, चहाचा नसतोच. तीन तास एका खुर्चीत बसलेला माणूस उठतो, जिना उतरतो, उजेडात येतो, दहा मिनिटे दुसऱ्या विषयावर बोलतो, काहीतरी गोड आणि गरम पितो आणि परत येतो, तेव्हा त्याचे चित्त थाऱ्यावर येण्याला एवढी कारणे पुरेशी आहेत. उरलेला वाटा सवयीचा असतो आणि तो समजून घेण्यासारखा आहे. कॅफिन रोज मिळू लागले की मेंदू अडिनोसिनच्या ग्राहींची संख्या वाढवून त्याच्याशी जुळवून घेतो. रात्रभर चहा न मिळालेल्या अशा मेंदूला सकाळी जडपणा, चिडचिड, लक्ष न लागणे असा त्रास होतो, आणि पहिल्या कपाने तो जातो. आपण म्हणतो चहाने डोके चालू झाले, पण ते बंद पडण्याचे कारणही कालचा चहाच असतो. संशोधकांमध्ये यावर मोठा वाद आहे. काहींच्या मते रोज चहा-कॉफी घेणाऱ्यांमध्ये दिसणारा जवळजवळ सगळा फायदा हा त्रास मिटण्याचाच असतो, तर काहींच्या मते सवय नसलेल्यांतही थोडा खरा फायदा दिसतो. प्रत्यक्ष रुग्ण पाहताना मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. तुमच्याइतका चहा घेणाऱ्याने तो एकाएकी सोडला तर १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते, पुढच्या एक-दोन दिवसांत त्रास टोकाला जातो आणि आठवडाभर रेंगाळू शकतो. चतुर्थीच्या किंवा नवरात्राच्या उपवासात चहाही वर्ज्य करणाऱ्यांची दुसऱ्या दिवशीची डोकेदुखी अनेकदा उपाशी राहिल्याची नसते, ती कॅफिनची असते. मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणाच्या २०१३ च्या आवृत्तीत तिला स्वतंत्र निदान म्हणून जागा मिळाली आहे. तुम्हाला हे सांगण्याचे व्यावहारिक कारण असे की, परीक्षेच्या आठवड्यात चहा सोडण्याचा संकल्प कधीही करू नये.

‘लक्ष’ या शब्दाचीही थोडी फोड करायला हवी. कॅफिनचा परिणाम सर्वांत स्पष्ट दिसतो तो सतर्कतेवर, म्हणजे कंटाळवाण्या कामात न डुलकता जागरूक राहणे, पडद्यावर ठिपका उमटला की चटकन बटण दाबणे, अशा कामांवर. नवीन संकल्पना समजणे, वाचलेले पक्के होणे, दोन सारख्या दिसणाऱ्या पर्यायांतून बरोबर निवडणे, यांवर त्याचा परिणाम क्षीण आणि अनिश्चित आहे. मी निवासी डॉक्टर होतो तेव्हाची एक रात्र मला अजून आठवते. सलग दुसऱ्या रात्रीची ड्यूटी होती, पहाटेपर्यंत पाच-सहा चहा झाले होते, डोळे टक्क उघडे होते आणि आपण उत्तम काम करत आहोत अशी माझी खात्री होती. त्याच खात्रीने मी एका रुग्णाच्या सलाईनच्या वेगाचा हिशेब दुपटीने चुकीचा लिहिला. वॉर्डातल्या अनुभवी सिस्टरने तो वाचून ‘डॉक्टर, पुन्हा एकदा पाहता का?’ असे विचारले म्हणून निभावले. झोप आली असती तर मीच दुसऱ्याला तपासायला सांगितले असते, पण चहाने मला झोपेची जाणीव होऊ दिली नाही आणि हिशेब करण्याची ताकदही दिली नाही. पुढे २०२१ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी रात्रभर जागवलेल्या लोकांवर केलेला प्रयोग वाचनात आला, आणि त्यात नेमके हेच होते. कॅफिनमुळे त्यांची साधी सतर्कता सुधारली, पण ठरलेल्या क्रमाने पायऱ्या पार पाडण्याच्या कामातल्या चुका बहुतेकांच्या बाबतीत तशाच राहिल्या. पूर्वपरीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत ‘खालीलपैकी कोणते विधान अयोग्य आहे’ हा प्रश्न ‘योग्य आहे’ असा वाचून गुण घालवणारे विद्यार्थी झोपलेले नसतात, चांगले जागे असतात.

ग्रीन टीचा प्रश्न लवकर उरकता येण्यासारखा आहे. चहात थिॲनिन नावाचे एक अमिनो आम्ल असते आणि ते १९४९ मध्ये जपानमध्ये चहाच्या पानांतून वेगळे करण्यात आले. कॅफिनची तरतरी आणि थिॲनिनचा निवांतपणा एकत्र मिळाला की लक्ष अधिक स्थिर होते, असे काही लहान प्रयोगांत दिसले आहे, आणि ग्रीन टीच्या डब्यावरच्या जाहिरातीचा पाया तोच आहे. परंतु त्या प्रयोगांत साधारण १०० ते २५० मिलिग्रॅम थिॲनिन दिलेले होते आणि एका कप चहातून ते ५ ते २५ मिलिग्रॅमच मिळते. शिवाय दोन्ही चहा एकाच झाडाच्या पानांचे असतात, थिॲनिन आपल्या काळ्या चहातही असते आणि काही मोजणींत तर काळ्या चहाच्या कपात ते जास्त भरले आहे. तुम्हाला ग्रीन टी आवडत असेल तर अवश्य घ्या, त्यात साखर पडत नाही हा त्याचा खरा लाभ, पण अभ्यासासाठी म्हणून त्यावर जादा पैसे खर्च करण्याची गरज नाही. म्हातारपणी चहा पिणाऱ्यांची बुद्धी अधिक शाबूत राहते असे सिंगापूर आणि जपानमधल्या पाहण्यांत आढळले आहे. त्या केवळ पाहण्या आहेत, चहा पिणारे इतर बाबतींतही वेगळे असू शकतात, आणि तुमच्या वयाला त्यांचा तूर्त काही उपयोग नाही.

खरा प्रश्न रात्रीच्या दोन मगांचा आहे. कॅफिन घेतल्यावर अर्धा ते एक तासात रक्तातली त्याची पातळी शिखरावर जाते आणि त्यानंतर ते निम्मे व्हायला सरासरी पाच तास लागतात. ही सरासरी आहे, कोणाच्या यकृताला दोन तास पुरतात तर कोणाला नऊ लागतात, आणि ‘मी चहा पिऊन लगेच झोपू शकतो’ असे सांगणारे बहुधा पहिल्या गटातले असतात किंवा त्यांची झोप आधीच इतकी थकलेली असते की तिला कशाचेच भान उरलेले नसते. तुमचा हिशेब करून पाहिला. साडेनऊच्या मगातले ७० मिलिग्रॅम दीड वाजेपर्यंत ४० वर येते, बाराच्या मगातले ५७ च्या आसपास असते, म्हणजे तुम्ही उशीवर डोके टेकता तेव्हा अंगात जवळपास १०० मिलिग्रॅम कॅफिन शिल्लक असते. वर उल्लेख केलेल्या युरोपीय संस्थेने २०१५ मध्ये नेमक्या एवढ्याच मात्रेबद्दल म्हटले आहे की झोपेच्या तोंडावर घेतलेले १०० मिलिग्रॅम काही लोकांची झोप लांबवते आणि कमी करते. मात्रा मोठी असेल तर अंतरही पुरत नाही: झोपेच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम घेतलेल्यांची झोप तासाभराहून अधिक घटल्याचे २०१३ मधल्या एका प्रयोगात दिसले होते, आणि विशेष म्हणजे भाग घेणाऱ्यांना स्वतःला त्याची पुरती कल्पना आली नव्हती.

दिवसा वाचलेले रात्रीच्या झोपेत पक्के होते, विशेषतः गाढ झोपेत, आणि कॅफिन नेमकी तीच झोप उथळ करते. म्हणजे बारा ते दीड या वेळात तुम्ही राज्यघटनेची जी कलमे पाठ करता, ती मेंदूत रुजवण्याचे काम त्याच चहाने अर्धवट राहते. सकाळी डोके जड, मग सहाचा चहा, अकराला पुन्हा पेंग, पुन्हा चहा, आणि रात्री दिवसाची भरपाई म्हणून मोठा मग, अशी ही साखळी आहे, आणि ती तोडायची तर शेवटच्या कडीपासून तोडावी लागते. नागपूरकरांची एक अडचण मला मान्य आहे. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, दुपारी कूलरपुढेही वाचवत नाही आणि रात्रीची शांतता हाच अभ्यासाचा काळ उरतो. तसे असेल तर झोपेची वेळ हवी तेवढी पुढे ढकला, रात्री दोनला झोपून सकाळी नऊला उठा, माझी हरकत नाही. पण सात तास पुरे होऊ द्या आणि शेवटचा चहा झोपेच्या सात-आठ तास आधी संपवा. दुपारी पेंग अनावर झाली तर टपरीवरचा कप घेऊन लगेच पंधरा-वीस मिनिटे टेबलावर डोके टेकवावे. कॅफिन चढू लागायला साधारण तेवढाच वेळ लागतो, तोवर ती डुलकी अडिनोसिनची गर्दी थोडी ओसरवते, आणि उठल्यावर दोन्हींचा लाभ एकत्र मिळतो. वाहनचालकांवर केलेल्या प्रयोगांत ही युक्ती चांगली ठरली आहे आणि माझ्या विद्यार्थी-रुग्णांना मी ती नेहमी सुचवतो.

आता तुमच्या आईंच्या वाक्याकडे वळतो, कारण या सगळ्यात मला तेच सर्वांत मोलाचे वाटले. चहाने रक्त आटत नाही, हे खरे. पण चहातली टॅनिनसारखी द्रव्ये वनस्पतिजन्य अन्नातल्या लोहाला बांधून ठेवतात आणि जेवणासोबत घेतलेला काळा चहा लोहाचे शोषण ६० टक्क्यांहूनही अधिक घटवू शकतो. दूध घातल्याने त्यात मोठा फरक पडत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. ज्या मुली माझ्याकडे ‘लक्ष लागत नाही, वाचलेले राहत नाही, जिना चढताना दम लागतो’ अशी तक्रार घेऊन येतात, त्यांच्यापैकी अनेकींना मेंदूचे टॉनिक हवे असते आणि तपासणीत हिमोग्लोबिन नऊ किंवा दहा निघते. लोह कमी असेल तर हिमोग्लोबिन घसरण्याच्या आधीपासूनच थकवा आणि मंदपणा जाणवू शकतो. अशा मुलीने लक्ष लागावे म्हणून जेवणावर चहा घेतला, तर ज्या कारणाने लक्ष लागत नाही ते कारणच ती कपाकपाने वाढवत असते.

म्हणून तुमचा आठचा आणि दुपारचा चहा मी चुकलेल्या वेळेचा म्हणतो. पोह्यांत थोडे लोह असते, तर्रीतल्या हरभऱ्यात बरे असते, वरून पिळलेल्या लिंबाच्या क जीवनसत्त्वाने ते शोषले जायला मदत होते, आणि मग त्यावर लगोलग चहा ओतून आपण केलेल्या कामावर पाणी फिरवतो. तर्री पोह्यांचा गाडा आणि चहाचा ठेला शेजारीशेजारी लागण्याची नागपूरची रीत मी बदलू शकत नाही, आणि खरे सांगायचे तर रविवारी मीही तो मोह आवरत नाही, पण रोज खाणाऱ्याने दोहोंत तासाभराचे अंतर ठेवावे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या सूचनाही हेच सांगतात, जेवणाच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा-कॉफी टाळावी. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या चहासोबत कधीही घेऊ नयेत. थायरॉईडची गोळीही साध्या पाण्यासोबतच घ्यावी.

साखरेबद्दल थोडक्यात सांगतो. टपरीच्या कपात दीड-दोन चमचे साखर धरली तरी सात चहांत ५० ते ७० ग्रॅम होते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली दिवसाची मर्यादा साधारण ५० ग्रॅमची आहे, तीही इतर सगळ्या गोड पदार्थांसकट. चहाने अंगातले पाणी कमी होते ही समजूत मात्र नेहमीच्या प्रमाणाला लागू पडत नाही, चहातून गेलेले पाणी बहुतांशी अंगी लागते. तरी उन्हाळ्यात चहाला पाण्याचा पर्याय मानू नये, कारण किंचित निर्जलीकरणानेही डोके दुखते आणि लक्ष उडते, आणि मग माणूस पाण्याऐवजी पुन्हा चहाच मागवतो.

काहींनी याहून कमी चहा घ्यावा. परीक्षेच्या धास्तीने छातीत धडधडणे, हात थरथरणे, पोटात कालवणे हा त्रास ज्यांना होतो त्यांच्यात कॅफिन तीच लक्षणे वाढवते, आणि अशा मुलांचा ईसीजी काढून तो साफ आल्यावर मी प्रथम चहाच मोजायला सांगतो. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे आपल्याकडे सर्रास लिहिले जाणारे अँटिबायोटिक कॅफिनचे विघटन मंद करते, तेव्हा ते चालू असताना नेहमीचाच चहा जास्त चढतो. गर्भनिरोधक गोळ्यांनीही कॅफिन निम्मे होण्याचा काळ जवळपास दुप्पट होतो आणि गरोदरपणी तर त्याहून लांबतो, म्हणून गरोदर स्त्रियांसाठी मर्यादा २०० मिलिग्रॅमची सांगितली जाते. याउलट सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफिन झटपट मोडते, त्यामुळे सिगारेट सोडणाऱ्याला नेहमीइतक्याच चहाने अस्वस्थ वाटू लागते आणि त्याचे खापर सिगारेट सोडण्यावर फुटते. हे काम धुराचे आहे, तंबाखूचे नाही, म्हणून खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे घोटलेले मिश्रण, खाणाऱ्यांना हा नियम लागू होत नाही. खर्ऱ्याने लक्ष लागते असे सांगणाऱ्या मुलांशी मी वेगळ्या विषयावर, म्हणजे तोंडाच्या कर्करोगावर, बोलतो.

तुमच्यापुरते ठरवायचे तर असे करता येईल. सकाळी उठल्यावरचा आणि अकराचा चहा आहे तसाच राहू द्या. पोह्यांसोबतचा कप काढून टाका किंवा नऊच्या पुढे न्या, डब्यानंतरचा तासाभराने घ्या. ज्या दिवशी कठीण विषय हाताळायचा असेल त्या दिवशी टपरीवरच्या तीन छोट्या कपांऐवजी अभ्यासाला बसण्याच्या अर्धा तास आधी एकच मोठा, कडक, कमी साखरेचा मग घ्या, कारण वर सांगितलेल्या ७५ मिलिग्रॅमच्या जवळपासची मात्रा त्यातून एकदम मिळते. पाचचा चहा हा दिवसाचा शेवटचा. रात्रीचे मग एका दिवसात बंद करू नका. पहिल्या आठवड्यात बाराचा बंद करा आणि साडेनऊचा निम्मा करा, दुसऱ्या आठवड्यात तोही सोडा, आणि त्या पंधरवड्यात डोके दुखले तर चहाकडे न वळता पाणी पिऊन लवकर झोपा. सुरुवातीचे आठ-दहा दिवस अभ्यास कमी झाल्यासारखा वाटेल, म्हणून हा बदल परीक्षेच्या किमान महिनाभर आधी करावा. परीक्षेच्या सकाळी नेहमीचाच चहा, नेहमीच्याच वेळी आणि नेहमीएवढाच घ्यावा. त्या दिवशी धीर यावा म्हणून दुप्पट घेतलेला चहा दोन तासांच्या पेपरात धडधड वाढवतो आणि लघवीलाही उठवतो.

याआधी एक काम करा. या आठवड्यात सकाळी कोणत्याही चांगल्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत हिमोग्लोबिन आणि फेरिटिन या दोन तपासण्या करून घ्या. फेरिटिनमुळे शरीरातला लोहाचा साठा कळतो, आणि तो हिमोग्लोबिन बरे असतानाही रिकामा झालेला असू शकतो. दोन्ही अहवाल घेऊन तुमच्या जवळच्या डॉक्टरांना भेटा, आणि पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर तेही त्यांना आवर्जून सांगा.